दोन घरचा शेरीफ

एका नांगीत माझं बोट आणि दुसऱ्या नांगीत एका अनोळखी माणसाचा अंगठा. आमची ओळख झाली ती अशी!

गुड फ्रायडेचा दिवस होता. मावसबहिणीच्या परसात सगळं खानदान जमलं होतं. भल्यामोठ्या पातेल्याखाली गॅस फुरफुरत होता, मिरचीच्या वाफेने जो तो शिंकत होता, आणि मी गुडघ्याएवढे पांढरे गमबूट घालून क्रॉफिशचं पोतं घंगाळात ओतत होते. आमच्या लुईझियानात त्या दिवशी मांस वर्ज्य. म्हणून आम्ही क्रॉफिश खातो, आणि उपास आहे म्हणून जरा जास्तच खातो. शेवंडीचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ म्हणा ना! रंग चिखलाचा, स्वभाव भांडखोर. पोत्यातला शेवटचा ढीग घसरला आणि त्या तपकिरी वळवळीत मला दिसला... निळा! पोलिसाच्या कोऱ्या गणवेशासारखा कडक निळा.

असा एखादा कधीतरी निघतो. पापांचा जन्म क्रॉफिश उकडून विकण्यात गेला, त्यांनीही मोजकेच पाहिले होते. निळा कोणी उकडत नाही. तो घरी न्यायचा, काचेच्या टाकीत ठेवायचा, त्याला नाव द्यायचं.

"निळा!" मी किंचाळले आणि हात घातला. घंगाळाच्या पलीकडून त्याच वेळी दुसरा हात आला.

"अहो, हात काढा तुमचा!"

"तुम्ही काढा. मी आधी पाहिला."

"पोतं आमच्या दुकानातलं आहे!"

"असेल, पण पाहिला मी – आई गं!"

"आई गं!" मीही ओरडले. शेरीफने (तेव्हा त्याचं नाव ठरायचं होतं) आम्हा दोघांना एकदमच अटक केली होती.

"ए, ओढू नकोस!"

"मी कुठे ओढतोय? तूच नाचतेयस!"

अहो-जाहो तिथेच संपलं.

"पाण्यात हात घाला," खुर्चीतून न उठता पापा म्हणाले. "पाण्यात गेला की सोडेल."

पाण्याची बादली होती पार पातेल्याजवळ. आम्ही दोघं खेकड्यासारखे तिरके तिरके निघालो, मध्ये तो निळा लोंबकळतोय, आणि बाजूला सगळे नातेवाईक फोन काढून उभे. त्या माणसाच्या कपाळावर घाम होता, भुवईत एक बारीकशी खूण होती, आणि इतकं दुखत असताना तो चक्क हसत होता. मला रागच आला. हसताना कोणी इतकं छान दिसू नये.

"मी एमिल फ्रूजे."

"क्लोटील बाबिनो."

"हात मिळवायचं राहू दे," तो म्हणाला. "तसेही मिळालेत."

पाण्यात गेल्याबरोबर निळ्याने आम्हाला सोडलं. पापांनी त्याला पाठीवर धरून उलटा केला, पोटाखालच्या पुढे वळलेल्या दोन काड्या दाखवल्या आणि जाहीर केलं, "नर आहे." त्याचा पोलीसप्रमुखासारखा तोरा पाहून नाव पडलं शेरीफ. आता तो कोणाचा, यावर भांडण जुंपलं. एमिल माझ्या मेहुण्याचा मित्र, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला. दोन आठवडे पाण्यात, दोन आठवडे घरी. शेवटी न्यायनिवाडा पापांनीच केला.

"हा समुद्रावर असेल तेव्हा शेरीफ क्लोटीलकडे. हा घरी आला की शेरीफ याच्याकडे. आता बटाटे टाका, पाणी उकळलंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या निकालात माझ्यावर केवढा अन्याय झालाय, हे मला नंतर कळलं.

म्हणजे बघा. शेरीफ माझ्याकडे, तेव्हा एमिल समुद्रात. एमिल गावात, तेव्हा शेरीफ त्याच्याकडे, आणि मला त्याच्या दारात जायला काही कारणच नाही! दोघं एकदम दिसायचे ते फक्त देवाणघेवाणीच्या संध्याकाळी. मी दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून घाईघाईने यायची, दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहायची. तो त्याच्या धुळकट ट्रकमधून उतरायचा. आमच्यामध्ये असायचा एक छोटा लाल आइसबॉक्स. बर्फ नाही, नुसतं ओलं फडकं, आणि फडक्याखाली खवळलेला शेरीफ.

"काय खातो, परत सांग," एमिल म्हणायचा.

"मागच्या वेळी सांगितलं होतं."

"विसरलो."

"वाटाणे. गाजर उकडून. कधीतरी कोळंबीचा तुकडा. आणि नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवल्याशिवाय टाकीत ओतायचं नाही."

"लिहून देशील?"

"नाही."

"बरं झालं. म्हणजे पुढच्या वेळीही विचारता येईल."

हे बोलून तो आइसबॉक्स उचलायचा आणि चालू पडायचा! मी तिथेच. मग घरी जाऊन रिकाम्या टाकीसमोर बसायची – कुंडीचा फुटका तुकडा, पाइपाची नळकांडी, बुडबुडे – आणि मला वाटायचं, मी नक्की कोणाची वाट बघतेय?

आइसबॉक्स रिकामा परत करू नये, ही रीत त्यानेच पाडली. पहिल्यांदा त्यात शेरीफच्या शेजारी कागदात गुंडाळलेलं गरम बुदँ निघालं, भाताचं मसालेदार सॉसेज. शेरीफ त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. पुढच्या वेळी मी भेंडीचं लोणचं ठेवलं. मग त्याच्या आईच्या झाडाच्या अंजिरांचा मुरंबा आला. मग मी... जाऊ दे. थोडक्यात, त्या डब्यात शेरीफला बसायला जागा उरेना.

एकच गोष्ट मला खुपायची. आमच्याकडे 'शा' म्हणतात. म्हणजे राजा, लाडके, बाळा – जे हवं ते. पेट्रोल पंपावरची बाई म्हणते, टपालवाला म्हणतो, पाद्रीबाबासुद्धा म्हणतात. अख्खा गाव अख्ख्या गावाला शा म्हणतो. एमिल मात्र मला कायम "मिस क्लोटील". तेही मान झुकवून, जणू मी त्याची शाळेतली बाई.

"झाकणावर वीट ठेवतोस ना?" मी दर वेळी विचारायची. "तो हवेच्या नळीवरून चढतो. एकदा काठावर पोचला की गेला."

"ठेवतो, मिस क्लोटील."

"हसतोस काय?"

"तू 'गेला' म्हणताना डोळे मोठे करतेस."

मे महिन्यात शेरीफने माझ्या टाकीत कात टाकली. सकाळी बघते तो टाकीत दोन शेरीफ! एक आडवा पडलेला, पोकळ, काचेसारखा. दुसरा कुंडीच्या तुकड्याखाली मऊ आणि लाजलेला, आधीपेक्षा मोठा. कात काढायची नसते, तो ती स्वतःच खातो, त्यातूनच नवं कवच घट्ट होतं. हे मी एमिलला इतकं रंगवून सांगितलं की त्या संध्याकाळी तो चक्क ट्रकला टेकून अंधार पडेपर्यंत थांबला. जाताना म्हणाला, "त्याने रोज कात टाकायला हवी."

आणि मी वेडी, त्याने शेरीफच्या तब्येतीविषयी म्हटलं असं समजून बसले.

जूनच्या शेवटी, मोसम संपता संपता, तो शेरीफला द्यायला आला तेव्हा पाऊस कोसळत होता. शेडच्या पत्र्यावर असा आवाज की ओरडून बोलावं लागत होतं. मी फडकं उचललं.

"नांग्या बारीक झाल्या रे याच्या!"

"कात टाकली!" तो ओरडला.

"मग मोठा व्हायला हवा ना?"

"मारामारी केली... हीटरशी! नांग्या तुटल्या, नव्या आल्या!"

"आणि कात?"

"खाल्ली!"

तो बुटांकडे बघत होता. कान लालबुंद झाले होते. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. दोन्ही हातांवर चिमटे, ओरखडे, बोटं सुजलेली.

"हे काय?"

"ब्लॅकबेरी तोडत होतो. काटे."

"मग कुठे आहेत ब्लॅकबेरी?"

"...खाल्ल्या."

"तुमच्या घरात सगळ्यांनीच सगळं खाल्लेलं दिसतंय!"

मी दुकानातून मलम आणलं. त्याचा हात हातात घेऊन एकेका बोटाला लावत बसले. पाऊस इतका जोरात की बोलायची सोयच नव्हती, आणि मला ते फार बरं वाटलं. त्याचा हात जड होता, उबदार होता, आणि अजिबात मागे येत नव्हता. मलम संपलं तरी मी लावतच होते. त्या दिवशी मला कळून चुकलं की मी या माणसाच्या प्रेमात पडलेय, आणि चांगलीच पडलेय.

पण पुढे काय? उन्हाळा सरला. अंजिरं संपली, संत्री पिकायला लागली. आइसबॉक्स जात होता, येत होता. माझी मावसबहीण विचारायची, "विचारलं का त्याने काही?" मी म्हणायची, "हो, वाटाणे सोलून द्यायचे की सालासकट."

ऑक्टोबरात एका संध्याकाळी त्याने आइसबॉक्स माझ्या हातात दिला आणि हात मात्र काढला नाही.

"क्लोटील," तो म्हणाला. मिस नाही.

"बोल."

"कंपनी मला गयानाला पाठवतेय. नवीन रिग आहे. पगार मोठा. तीन महिने तिकडे, मग महिनाभर इकडे."

"अरे वा!" मी म्हणाले. कोणाच्या आवाजात म्हणाले, कोण जाणे.

"या खेपेहून उतरलो की साहेबांना फोन करून उत्तर द्यायचंय."

"मग... शेरीफचं काय?"

त्याने आइसबॉक्सवरचा हात काढला. "तू ठेव. कायमचा. तसाही तो तुझ्याकडेच जास्त रमतो."

मी काय म्हणायला हवं होतं, ते आता मला तोंडपाठ आहे. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "बरं."

"बरं," तोही म्हणाला.

ट्रकचे मागचे दिवे पुलापलीकडे गेले आणि मी आइसबॉक्सवर बसून ढसाढसा रडले. ज्या क्रॉफिशसाठी त्याने भर परसात माझ्याशी भांडण केलं, तो असा सहज देऊन टाकला! म्हणजे शेरीफ नको, गाव नको, देवाणघेवाणीची संध्याकाळ नको, आणि मीही नकोच. आत फडक्याखाली शेरीफ खरडत होता. त्याला म्हटलं, "तुला काय, तुला घर मिळालं."

त्यानंतर शेरीफचंही काही बिनसलं. कुंडीच्या तुकड्याखालून बाहेरच येईना. वाटाणा नको, गाजर नको, कोळंबीलाही तोंड लावेना. मला वाटलं, यालाही एमिलची आठवण येतेय. रविवारी चर्चमधून आले आणि टाकीसमोर पालथी पडून टॉर्च मारला. शेरीफने शेपटी पोटाखाली घट्ट दुमडून घेतली होती. टॉर्च बघून तो जरा वळला, शेपटी उलगडली, आणि खाली... काळेभोर, चकचकीत मणी. ब्लॅकबेरीच्या घोसासारखे. शेकडो.

"पापा!" मी अशी किंचाळले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "पापा, शेरीफला दिवस गेलेत!"

पापा गंबोच्या रश्श्याचा डाव हातात घेऊनच आले. वाकून पाहिलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"अंडी घातली वाटतं. ऑक्टोबरातच घालतात."

"कोण घालतात? शेरीफ नर आहे! तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांसमोर! काड्या दाखवल्या होत्या!"

"तो शेरीफ नर होता," पापा म्हणाले आणि डाव चाटला. "ही दुसरी."

मी जमिनीवरच बसले.

मग पापांनी सगळं सांगितलं. जूनमध्ये मी दवाखान्यात गेल्यावर एमिल दुकानात आला होता. चेहरा पांढराफटक. झाकणावर वीट ठेवायची राहिली आणि शेरीफ नळीवरून चढून पसार झाला. दाराशी ओल्या पावलांची नक्षी, पुढे अंगण, पुढे बायूचं, म्हणजे गावच्या संथ ओढ्याचं पाणी. एमिल म्हणाला, "मला निळा क्रॉफिश हवाय. कसाही." पापा म्हणाले, "पोती पडलीत मागे. शोध." मोसमाची शेवटची पोती ती. तो रोज सकाळी यायचा, उकाड्यात एकेक पोतं घंगाळात ओतायचा, हाताने उपसायचा, परत भरायचा. हातमोजे घालून बोटांना नीट समजत नाही म्हणून उघड्या हातांनी. आमची पोती संपली तेव्हा धक्क्यावरच्या इतरांची उपसली. त्याची दोन आठवड्यांची सुट्टी त्यातच गेली. आणि अगदी शेवटी ही मिळाली.

"काटे म्हणे!" मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. "ब्लॅकबेरी म्हणे! पण पापा, ही मादी आहे हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?"

"त्याने रंग पाहिला, माप पाहिलं, मिशीसुद्धा मोजली. पोटाकडून पाहिलंच नाही. आपल्याकडची माणसं क्रॉफिश उलटा करतात तो सोलायलाच."

"आणि तुम्ही गप्प बसलात!"

"मग काय करणार? म्हटलं, ही वसंतात नराला भेटून आलेली असणार. ऑक्टोबरात अंडी घालेल." पापा वळले, स्वयंपाकघराकडे निघाले. "पोरगा तुझ्यासाठी खोटं बोलत होता, तेव्हा अडवला नाही. पण खोटं फार दिवस टिकू नये, एवढी व्यवस्था केली."

"पापा, तो गयानाला चाललाय!"

"हो का? मग इथे जमिनीवर बसून काय करतेस?"

मी त्याला फोन केला नाही. फोनवर त्याने परत काहीतरी खाल्लं म्हणून सांगितलं असतं. मला त्याचे कान बघायचे होते.

तो उतरायचा त्या दिवशी मी दवाखान्यात रजा टाकली, लाल आइसबॉक्स गाडीत घातला आणि किनाऱ्याकडे निघाले. उसाचे मळे कापायला झाले होते, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. एकाच्याही मागून पुढे जाता येईना! मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारत होते. हेलिकॉप्टरतळावर पोचले तेव्हा हेलिकॉप्टर उतरलेलंच होतं, पाती अजून फिरत होती, आणि माणसं खांद्यावर पिशव्या टाकून बाहेर पडत होती. तो सगळ्यांत शेवटी. दाढी वाढलेली, टोपी उलटी, आणि कानाला फोन लावलेला.

"एमिल!"

तो थबकला. आधी मला पाहिलं, मग आइसबॉक्सला.

"साहेब, एक मिनिट हं." फोन छातीशी धरला. "क्लोटील? तू इथे? शेरीफला काय झालं?"

मी आइसबॉक्स खाली ठेवला आणि झाकण उघडलं. आत फक्त ओलं फडकं. त्याने फडकं उचललं, खाली पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"कुठे आहे तो?"

"तो प्रवास करू शकत नाही," मी म्हणाले. "बाळंतीण आहे."

आहाहा! कान आधी गुलाबी झाले, मग लाल, मग उकडलेल्या क्रॉफिशसारखे.

"ब्लॅकबेरी कशा होत्या?" मी विचारलं.

"क्लोटील, ऐक – "

"गोड होत्या?"

"मी सांगणार होतो. देवाशपथ. पण आधी वाटलं तू चिडशील. मग वाटलं..." त्याने टोपी काढली, परत घातली. "शेरीफ नाही म्हटल्यावर तू शेडमध्ये कशाला येशील? माझ्याकडे तुला भेटायला दुसरं कारणच नव्हतं."

"कारण लागतं?"

"मला लागत होतं. तू दर वेळी वाटाण्यांविषयीच बोलायचीस!"

"तू वाटाण्यांविषयीच विचारायचास!"

बाजूने जाणारे दोघं रिगवाले थांबून ऐकायला लागले. ऐकू देत.

"मग त्या दिवशी शेरीफ मला कायमचा का देऊन टाकलास?"

"तू म्हणशील, 'मला नको, तू इथेच राहा,' म्हणून!" तो जवळजवळ ओरडला. "आणि तू म्हणालीस, 'बरं'!"

मी एक श्वास घेतला. एप्रिलपासून ज्या वाक्यावर मी बसून होते ते असं त्या डांबरावर, पेट्रोलच्या वासात, चार लोकांसमोर बोलावं लागलं. "मग आता ऐक. मला तू हवायस. शेरीफ असो, नसो. जाऊ नकोस."

त्याने डोळे मिटले, उघडले. मग छातीशी धरलेला फोन कानाला लावला.

"साहेब? हां, माफ करा. गयानाचं नाही जमणार... नाही, पगाराचा प्रश्न नाही... घरी बाळंतपण आहे." पलीकडून साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. ते अभिनंदन करत होते. "आभारी आहे, साहेब. हो, पहिलंच... नाही, जुळं नाही. दोनेकशे असतील."

त्याने फोन बंद केला आणि आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो की मला आइसबॉक्सवर बसावं लागलं.

"सगळी निळी होतील?" त्याने माझ्यासमोर उकिडवं बसत विचारलं.

"एखादंच झालं तर. मोठी झाल्याशिवाय कळत नाही. आणि मोठी व्हायला लागली की वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर एकमेकांना खातात. प्रत्येकाला स्वतंत्र घर लागतं."

"बाप रे. केवढी घरं!" त्याने भुवईवरची खूण खाजवली. "पण आपण दोघं... आपण काही एकमेकांना खाणारे नाही ना?"

"अजून तरी नाही."

"मग आपल्याला एकच पुरे."

तो आणखी जवळ सरकला.

"एक विचारू?" मी कशीबशी म्हणाले. "पेट्रोल पंपावरची बाई मला शा म्हणते. टपालवाला म्हणतो. तू कधीच का नाही म्हणालास?"

तो गंभीर झाला. "ते सगळेच सगळ्यांना म्हणतात. मला तुला तसं उगाचच म्हणायचं नव्हतं." मग अगदी हळू, माझ्या कानाशी, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "चल घरी, शा."

ट्रक तळावरच ठेवून परतताना माझी गाडी त्याने चालवली. पुन्हा तेच उसाचे ट्रॅक्टर पुढे, आणि या वेळी त्यातला एकही आम्हाला ओलांडायचा नव्हता.

दुकानात पोचलो तेव्हा पापा मागच्या शेडमध्ये घंगाळं धूत होते. एमिलने माझा हात धरलेला होता. तो त्याने तळावर धरला होता तो गिअर टाकतानाही सोडला नव्हता. पापांनी आमच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

"काय रे, पकडलं का पुन्हा कोणी?" ते म्हणाले. "पाण्यात घाला. पाण्यात गेला की सोडेल."

एमिलने माझ्याकडे पाहिलं. मग बाही वर सारली आणि दोघांचे हात, बोटांत बोटं गुंतलेले, कोपरापर्यंत त्या गार पाण्यात बुडवले.

आम्ही वाट पाहिली. पापांनीही पाहिली.

नाही सोडला.